खिडकीतला रोसेन्दो

वीज कंपनीचं उन्हाळी पत्रक घरात पडलं की आमच्या वाळवंटातल्या फीनिक्समध्ये उन्हाळा रीतसर सुरू झाला असं मानतात. त्याआधी महिनाभर माणसं भाजत असतात, पण ते ज्याचं त्याचं खासगी.

त्या दिवशी सकाळी नेल्डा हॅचर ते पत्रक घेऊन आंपारो मोंतीहोच्या पडवीत बसली होती. सूर्य डोंगराआडून पुरता वर यायचा होता आणि लोखंडी खुर्चीला अजून हात लावता येत होता. आंपारोने पहाटेच उठून घेवडा शिजवून ठेवला होता. उन्हाळ्यात शेगडी सूर्याच्या आधी पेटवायची आणि सूर्याच्या आधी विझवायची, असा तिचा नेम होता. दोघीही सत्तरी ओलांडलेल्या, दोघीही विधवा, आणि दोघींच्या दारांमध्ये खडीचं एक अंगण.

"वाच," आंपारो म्हणाली. "यंदा आणखी काय काय बंद करायचंय?"

"'दिवसा पडदे ओढून घ्या.'"

"ओढले."

"'थर्मोस्टॅट अठ्ठ्याहत्तर अंश फॅरनहाइटवर ठेवा.'"

"माझा थर्मोस्टॅट ज्याला हुकूम सोडायचा तो एसी छतावर मरून पडलाय. पुढे."

"'भांडी धुण्याचं यंत्र रात्री आठनंतर लावा.'"

"ते यंत्र आठला झोपतं. त्याचे गुडघे दुखतात."

नेल्डा हसली. चष्मा सारखा करून तिने पुढे वाचलं. "'उन्हातल्या मोटारीचं चाक धरताना हातमोजे घाला. नळीतून येणारं पहिलं पाणी झाडांना किंवा मुलांना घालू नका, ते उकळतं असू शकतं. कुत्र्यांना डांबरी रस्त्यावर चालवू नका, पंजे भाजतात.'"

"कुत्र्यांची बरी काळजी घेतात हं."

"आहे, आपलंही आहे. सगळ्यात खाली. 'वयस्कर शेजाऱ्यांची दिवसातून दोनदा विचारपूस करा.'"

"आपल्या गल्लीत वयस्कर कोण आहे?" आंपारोने गंभीरपणे विचारलं.

दोघींनी गल्ली नजरेखालून घातली. पंचावन्नच्या आतल्या माणसाला या वसाहतीत घरच मिळत नसे. तरी दोघींना तिथे वयस्कर असं कोणी दिसेना. वयस्कर म्हणजे पलीकडच्या गल्लीतले.

माणसाचा पारा एकशेचारवर गेला तर त्याला दवाखान्यात नेतात. आमच्या शहराचा एकशेचौदावर गेला की त्याला पत्रक देतात. पत्रक वाईट नसतं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असतं. फक्त कुठली सूचना वर छापायची आणि कुठली तळाशी, एवढं ठरवताना छापणारा एसीत बसलेला असतो.

या वसाहतीचं नाव होतं क्लोव्हर ब्रूक. क्लोव्हर म्हणजे कुरणातलं गवत, ब्रूक म्हणजे झरा. दोन्हींपैकी तिथे काही नव्हतं. घरं पत्र्याची, चाकांवर ओढून आणलेली आणि मग चाकं काढून कायमची टेकवलेली. पाणी वाचवायचं म्हणून अंगणातली हिरवळ फार पूर्वी उपटून खडी टाकली होती. मग हिरवळीची आठवण येऊ लागली म्हणून खडीला हिरवा रंग दिला. दर वसंतात तो नव्याने देत. वसाहतीचे नियम कोणी बाहेरून लादलेले नव्हते. ते रहिवाशांनी स्वतः, स्वतःच्या हाताने, स्वतःवर लादले होते आणि त्यांचा त्यांना अभिमान होता. रस्त्यावरून दिसेल असं कपडे वाळत घालायचं नाही, खिडकीला चंदेरी कागद लावायचा नाही, दर्शनी बाजूला कसलंही यंत्र दिसता कामा नये. हे सगळं पाहायला एक शोभा समिती होती, आणि शाळेच्या कचेरीत आयुष्य काढलेली नेल्डा तिची चिटणीस होती. नियम मोडणाऱ्याच्या दाराला गुलाबी नोटीस लावायची, हे तिचं काम. ती नोटिसा फार सभ्य भाषेत लिहायची. काहींनी त्या जपून ठेवल्या होत्या.

पण नेल्डाच्या नावावर आणखी एक गोष्ट होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी वसाहतीतले एक गृहस्थ घरात वारले आणि ते कळायला आठवडा गेला. तेव्हा नेल्डाने एक पद्धत पाडली. सकाळी उठलं की प्रत्येकाने दाराच्या मुठीला हिरवं कार्ड अडकवायचं: मी ठीक आहे. नेल्डा तिच्या बॅटरीच्या छोट्या गाडीतून फेरी मारायची. ज्या दाराला कार्ड नाही ते दार वाजवायचं. त्या कार्डांमुळे दोन माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली होती. नेल्डाने याबद्दल कधी बढाई मारली नाही, कारण इतरांनी ती पुरेशी मारली होती.

आज आंपारोच्या मुठीला कार्ड होतं, आणि त्याशेजारच्या खिडकीत एक पांढरा डबा घरघरत होता.

छतावरचा एसी बंद पडल्यावर मेकॅनिकने पंधरवड्यानंतरची वेळ दिली होती. जुलैत आमच्याकडे मेकॅनिकच्या वेळा लग्नाच्या कार्यालयांसारख्या आधीच भरलेल्या असतात. तेव्हा सॅन दिएगोहून तिचा मुलगा रामिरो आला आणि त्याने हा खिडकीतला एसी बसवून दिला. मागच्या खिडक्या अरुंद, त्यात तो मावेना. म्हणून दर्शनी खिडकीत. डबा घोरायचा, मधूनच दचकून गप्प व्हायचा, पुन्हा घोरायचा आणि खालच्या खडीवर पाणी टपटपवायचा. आंपारोने त्याचं नाव रोसेन्दो ठेवलं होतं. हे तिच्या दिवंगत नवऱ्याचं नाव.

"काल रात्री फार घोरला," ती म्हणाली. "मी उशी मारायला हात वर केला, मग आठवलं."

नेल्डाने डब्याकडे पाहिलं. मग पर्समधल्या गुलाबी कागदाच्या गठ्ठ्याचा विचार करून ती दुसरीकडे पाहू लागली.

"अगं बघ हवं तर सरळ," आंपारो म्हणाली. "तुझा नियम मला पाठ आहे, शेजारीणबाई. मेकॅनिक आला की काढते."

"मी काही बोलले का?"

"तू बोलत नाहीस. तू लिहितेस."

समितीची सभा क्लबहाउसमध्ये भरली. क्लबहाउसचा एसी इतका कडक असे की सभेला जाताना सभासद स्वेटर नेत. पाच जण स्वेटर घालून वीजबचतीवर बोलले. मग अध्यक्ष ड्वेन स्टॅबलर मूळ मुद्द्याकडे वळला.

ड्वेन दुष्ट नव्हता, हे इथेच सांगितलेलं बरं. दुष्ट माणूस असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. तो विम्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला. एकट्या बायकांच्या घरचे दिवे बदलून द्यायचा, बाहेरगावी गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचा. फक्त त्याला वसाहत सुंदर दिसायला हवी होती.

"शनिवारी सुंदर वसाहत स्पर्धेचे परीक्षक येतायत," तो म्हणाला. "गेल्या वर्षी आपण कशामुळे हरलो?"

"पाण्याच्या नळीमुळे," कोणीतरी म्हणालं. "कोपऱ्यावरच्या घरासमोर वेटोळं पडलं होतं."

"नळीमुळे. आणि यंदा खिडकीतून अख्खा डबा बाहेर लोंबतोय. वर खडीवर पाणी गळतंय. रंग उतरतोय तिथला."

"छतावरचा बंद आहे तिचा," नेल्डा म्हणाली. "मेकॅनिक अजून आठवडाभर येत नाही."

"मला कळत नाही का, नेल्डा? मीच दोनदा फोन केला त्याला. पण प्रश्न दोन दिवसांचा आहे. शुक्रवारी काढायचा, रविवारी लावायचा. मी स्वतः काढतो, मी स्वतः लावून देतो. तिला हातही लावावा लागणार नाही."

"गरम होईल तिला."

"पंखा आहे ना. आपण लहानपणी काय एसीत वाढलो?"

स्वेटरमधल्या माना डोलल्या. लहानपणी आपण कशाकशात वाढलो यावर थोडी चर्चा झाली. प्रत्येकाचं लहानपण दुसऱ्यापेक्षा जास्त गरम निघालं.

"दुसरं, ती कार्डं," ड्वेन म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. उपयोगी आहेत, कोणी नाही म्हणत नाही. पण ओळीने सगळ्या दारांना लटकलेली दिसली की हॉस्पिटलात आल्यासारखं वाटतं. तीही दोन दिवस आत ठेवू."

"माझी बायको म्हणते, शवागारात अंगठ्याला बांधतात तशी दिसतात," एक सभासद म्हणाला.

सगळे हसले. नेल्डाही हसली. आपल्या कल्पनेवरचा विनोद आपल्याला कळला नाही असं कोणाला वाटू नये, एवढ्यापुरतीच.

मग हात वर झाले. नेल्डाचा सगळ्यात शेवटी झाला, पण झाला. हात वर गेला की तो किती रेंगाळून गेला याची नोंद होत नाही. नोंद तिलाच करायची होती. तिने 'एकमताने' असं लिहिलं. आंपारोला ते सांगायलाही तीच गेली.

शुक्रवारी ड्वेनने शीळ वाजवत डबा काढला. काच सरकवली, चौकट पुसली, डबा मागच्या पायरीवर ठेवून त्यावर ताडपत्री घातली. आंपारो दारात उभी राहून बघत होती.

"हळू," ती म्हणाली. "त्याला पाठीचा त्रास होता."

ड्वेनला काही कळलं नाही. तो म्हणाला, "रविवारी सकाळी पहिलं काम हेच," आणि पुढच्या घरची कुंडी सरळ करायला गेला.

नेल्डाने स्वतःच्या घरातला उभा पंखा आणला होता. तो खुर्चीसमोर लावता लावता ती म्हणाली, "दोन रात्री माझ्याकडे ये ना."

"तुझ्या सोफ्यावर? तुझं मांजर माझ्या छातीवर झोपतं."

"त्याला मी कोंडते."

"त्याच्या घरात त्याला का कोंडतेस? अगं, मी खाणीच्या गावात पत्र्याखाली वाढले. बाळंतपणंसुद्धा पत्र्याखालीच झाली. दोन दिवसांत वितळत नाही मी."

"मग दुपारी क्लबहाउसात जाऊन बस."

"कुलूप आहे. ड्वेन म्हणाला, परीक्षकांच्या जेवणाची फुलं मांडलीत, दार उघडझाप झालं तर कोमेजतील."

क्लबहाउसच्या किल्लीची दुसरी प्रत नेल्डाच्याच पर्समध्ये होती. तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"रामिरोला कळवू का?"

"त्याला काही सांगू नकोस हं. उगाच सगळं टाकून गाडी हाकत येईल. आधीच त्याची बायको म्हणते, तुमच्या आईचं नेहमी काहीतरी असतंच." आंपारोने हिरवं कार्ड मुठीवरून काढलं, पदरमोड करून आणलेल्या चांदीच्या चमच्यासारखं पुसलं आणि खणात ठेवून दिलं. "जा आता. तुला पताका लावायच्या असतील."

"काही वाटलं तर हाक मार."

"मारते."

घरी जाताना नेल्डाला सुटल्यासारखं वाटलं. आपल्याला खरोखर काय वाटलं हे माणसाला पुष्कळदा उशिराच कळतं. तिला ते तेव्हाच कळलं होतं, आणि तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

शनिवारी पारा एकशेअठरावर गेला. परीक्षक तीन होते आणि त्यांच्या गाडीला छत होतं, त्यांच्या हातात बर्फाच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. नेल्डा पुढच्या सीटवर बसून माहिती देत होती. नळ्या गुंडाळलेल्या, खडी हिरवीगार, दारांच्या मुठी मोकळ्या आणि चकचकीत.

आंपारोच्या घरासमोर गाडी थांबली. पडदे ओढलेले, खिडकी कोरी, पायरीवर जिरेनियमच्या दोन कुंड्या.

"वा," एक परीक्षकबाई म्हणाल्या. "असं दिसायला हवं घर. किती शांत."

नेल्डाची नजर सवयीने मुठीकडे गेली. मुठीवर कार्ड नव्हतं. आज कोणाच्याच मुठीवर नव्हतं. रोज कार्ड नसलं की दार वाजवायचं. आज कार्ड नसलं की सगळं ठीक. तिने परीक्षकांना जिरेनियमबद्दल सांगितलं.

जेवण लांबलं. दुपार कलू लागल्यावर नेल्डाने एका ताटलीत कोंबडीचा तुकडा, बटाट्याचं सॅलड आणि केकचा चौकोन घेतला आणि आंपारोचं दार वाजवलं. दाराची मूठ हाताला चटका देत होती. आतून पंख्याचा आवाज येत होता.

"आंपारो."

पंखा डावीकडे गेला, उजवीकडे आला. झोपली असेल, नेल्डाला वाटलं. दुपारी विश्रांती घ्या, असं पत्रकात होतंच. पडदे ओढलेले, तेही पत्रकातच होतं. झोपलेल्या म्हाताऱ्या बाईला उठवून दारापर्यंत चालवायचं म्हणजे तिच्या गुडघ्यांना शिक्षा. ताटली बाहेर ठेवली तर सॅलड नासेल. नेल्डा ताटली घेऊन परत गेली आणि फ्रिजमध्ये ठेवली. केक तिने स्वतः खाल्ला. पुढे कित्येक दिवस तिला त्या केकची चव तोंडात जाणवत होती.

रविवारी कार्डं परत लागली. नेल्डा फेरीला निघाली तेव्हा दोन्ही बाजूंना हिरव्या मुठीच मुठी. एक मूठ सोडून.

कुंडीखालच्या किल्लीने तिने दार उघडलं. आतून आलेली हवा भट्टीच्या तोंडातून यावी तशी चेहऱ्यावर बसली. नेल्डाने प्रेमाने आणून लावलेला पंखा तीच हवा रात्रंदिवस खुर्चीवर मारत होता. खुर्चीत आंपारो होती. तिने जांभळा झगा घातला होता, ठेवणीतला. परीक्षक आत डोकावले तर बरं दिसावं म्हणून घातला असणार. मानेवर टॉवेल होता. तो कधीतरी ओला केलेला होता, आता पापडासारखा कडक झाला होता. फोन हाताशीच होता. नेल्डाला बोलवायला तिने तो उचलला नव्हता. हाक मारते, असं ती म्हणाली होती. पण ज्या दिवशी शेजारणीकडे पाहुणे आहेत त्या दिवशी हाक मारायची नसते, एवढी रीत तिला होती.

नेल्डाने आधी पंखा बंद केला. मग तिला काय करायचं ते सुचेना, म्हणून तिने आंपारोच्या झग्याची गुडघ्यावरची सुरकुती सरळ केली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली. थोड्या वेळाने बाहेर शीळ ऐकू आली. ठरल्याप्रमाणे, रविवारी सकाळी पहिलं काम म्हणून, ड्वेन डबा लावायला आला होता.

पोलिस आले, ॲम्ब्युलन्स आली. कागदावर कारण लिहिलं गेलं: उष्णता. उष्णतेला नाव-गाव नसतं, तिच्यावर समन्स निघत नाही. आमच्याकडे दर उन्हाळ्यात ती अशी येते, एकट्यादुकट्या बाईच्या घरात शिरते आणि शोभेला कुठेही धक्का न लावता निघून जाते.

रामिरो दुपारनंतर पोचला. पन्नाशीचा, जाडजूड, समुद्रकाठच्या हवेतला माणूस. गाडीतून उतरल्यावर डोळे बारीक करून त्याने आधी खिडकीकडे पाहिलं.

"एसी कुठेय?"

"मागे आहे, पायरीवर," ड्वेन म्हणाला. "दोनच दिवसांसाठी, म्हणजे, स्पर्धा होती. समितीने ठरवलं होतं. आम्हा सगळ्यांना फार..."

"शनिवारी फोनवर मी विचारलं तिला," रामिरो म्हणाला. तो ड्वेनशी बोलत नव्हता, खिडकीशी बोलत होता. "विचारलं, गार होतंय ना? म्हणाली, मस्त. म्हणाली, रोसेन्दो घोरतोय, आवाज येत नाही का तुला. मी म्हटलं, येतोय. पंख्याचा होता तो."

मग तो ड्वेन आणि नेल्डाकडे वळला.

"काढायला कोणी सांगितलं तिला?"

ड्वेनने समिती हा शब्द पुन्हा उच्चारायला तोंड उघडलं. त्याआधी नेल्डा बोलली.

"मी. हात वर करणारे पाच होतो, पण तिला सांगायला मी आले. मी सांगितलं म्हणून तिने ऐकलं. दुसरं कोणी असतं तर तिने दारातून हाकललं असतं. क्लबहाउसची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. आणि शनिवारी मी दार वाजवून परत गेले."

रामिरोने तिच्याकडे पाहिलं. "ती तुमच्याबद्दल सारखी बोलायची," तो म्हणाला. "म्हणायची, शेजारीण आहे, तू कशाला काळजी करतोस."

शिवी दिली असती तर नेल्डाला बरं वाटलं असतं.

दफन झालं. घर आवरताना रामिरो डबा घेऊन नेल्डाच्या दारात आला. "हा मी परत नेणार नाही. कचऱ्यात टाकू का?"

"नको," नेल्डा म्हणाली. "आत ये. जरा मदत कर."

नेल्डाच्या छतावरचा एसी उत्तम चालत होता. तरी दोघांनी मिळून तो डबा तिच्या दर्शनी खिडकीत बसवला, बरोबर रस्त्यावर तोंड करून. सुरू केल्यावर तो खाकरला, दचकला आणि घोरू लागला. रामिरो तो आवाज ऐकत क्षणभर उभा राहिला, मग गाडीत जाऊन बसला आणि गेला.

त्याच आठवड्यात निकाल लागला. क्लोव्हर ब्रूकला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी खास उल्लेख केला होता तो वसाहतीतल्या शांततेचा.

ड्वेन ही बातमी घेऊन आला तेव्हा सकाळची उन्हं नुकती अंगणात उतरली होती. तो खिडकीसमोर थबकला. त्याचा चेहरा त्या आठवड्यात म्हातारा झाला होता.

"नेल्डा, सोमवारी ढाल घ्यायला चिटणीस म्हणून तुम्ही जायचंय. समितीची इच्छा आहे. आणि आंपारोच्या आठवणीसाठी दोन मिनिटं शांतता पाळू आपण."

"शांततेबद्दलच तर बक्षीस मिळालंय. आणखी कशाला पाळायची?"

ड्वेनने टोपी काढून हातात घेतली. "तुम्हाला वाटतं मला झोप लागते?"

"नाही वाटत. म्हणूनच तुमच्याशी बोलतेय. बाकीच्यांना लागते."

"हा डबा..." तो चाचरला. "तुम्हाला माहितीय, दर्शनी बाजूला चालत नाही. मला नोटीस द्यावी लागेल. आणि नोटीस तर तुम्हीच लिहिता."

"लिहिलीय." नेल्डाने दाराकडे बोट केलं. मुठीला हिरवं कार्ड होतं आणि त्याच्यावर गुलाबी कागद चिकटवलेला होता, नेहमीच्या सभ्य भाषेत, नेहमीच्या सहीने. "नियम मोडणारी नेल्डा हॅचर, कळवणारी नेल्डा हॅचर. खाली उत्तरही लिहिलंय, वाचा."

ड्वेनने चष्मा लावून वाचलं. उत्तर लहान होतं. डबा काढणार नाही. गल्लीतल्या कोणाचाही काढू देणार नाही. ज्या नियमाला घरातलं माणूस दिसत नाही, तो नियम मी यापुढे कोणाच्या दाराला लावणार नाही.

"हे सभेत टिकणार नाही," ड्वेन म्हणाला.

"मग सभा इथे घ्या, माझ्या पडवीत. दुपारी दोनला. स्वेटर आणू नका."

ड्वेन उभाच राहिला. त्याने खाली पाहिलं. डब्यातून थेंब थेंब पाणी खडीवर पडत होतं, आणि जिथे पडत होतं तिथला हिरवा रंग धुऊन जात होता. खालून खडीचा मूळ रंग वर येत होता, करडा, वाळवंटाचा.

"रंग उतरतोय," तो म्हणाला. सवयीने.

"उतरू दे."

नेल्डाने तापणारी दारं वाजवायला हातमोजा चढवला. बॅटरीची गाडी तिने आता उभीच ठेवली होती. गाडीतून कार्डं दिसतात आणि माणसं दिसत नाहीत, म्हणून आता ती चालत जायची, सकाळी एकदा आणि ऊन कललं की एकदा. कार्ड असो नसो, प्रत्येक दार वाजवायची आणि आतून माणूस बाहेर येऊन चार शब्द बोलेपर्यंत हलायची नाही. पुष्कळांना हा जाच वाटू लागला होता. कालच एकाने आतून ओरडून विचारलं होतं, "कार्ड दिसत नाही का तुला?"

"दिसतंय," नेल्डा म्हणाली होती. "तुम्ही दिसा."

पहिलं दार आंपारोचं होतं. त्या घरात आता कोणी राहत नव्हतं. तरी नेल्डा पायरी चढली आणि दार वाजवून उभी राहिली. शनिवारी जेवढी थांबली होती, त्याहून जास्त वेळ.

मग ती पुढच्या दाराकडे गेली. मागे अंगणात ड्वेन टोपी हातात धरून, घोरणाऱ्या खिडकीसमोर, अजून उन्हातच उभा होता.